पोंगभावजींच्या फिशटँकचा दिवा

माझ्या टोफूला बावीस वर्षं गुलाबी करून ठेवणारा माणूस म्हणजे पोंग कम-शुई. ताई पो गावच्या मंडईत त्यांचा माशांचा गाळा आणि माझा टोफूचा गाळा समोरासमोर, मध्ये जेमतेम दोन हातांची वाट. त्यांच्या गाळ्यावर लाल टोप्यांचे सहा दिवे. त्या उजेडात काल दुपारी मेलेला मासासुद्धा आत्ताच पाण्यातून उडी मारून आल्यासारखा दिसतो. मासेवाल्यांचं ते ठीक आहे, पण तो उजेड वाट ओलांडून माझ्या ताटांवर पडतो त्याचं काय? टोफू पांढराच दिसला पाहिजे. म्हणून मी माझ्याकडे पांढऱ्याशुभ्र ट्यूब लावून घेतल्या, आणि तेव्हापासून आमची लढाई जुंपली ती जुंपलीच.

"भावजी, दिवा जरा तिकडे वळवा. गिऱ्हाईक विचारतंय, टोफूला ताप आलाय का."

"सिट-वहिनी, तुमच्या ट्यूबमुळे माझे मासे आजारी दिसतात. आधी तुम्ही बंद करा, मग मी वळवतो."

ना त्यांनी वळवला, ना मी बंद केली.

माणूस वाईट नाही. बोलायला मात्र महाकंजूष. "किती?" "डोकं हवं?" "खवले काढू?" एवढ्या तीन प्रश्नांवर चाळीस वर्षं धंदा केला. बाकीचं सगळं बोलणं त्यांची बायको युक-हिंग करायची. गिऱ्हाइकांशी ती बोलायची, माझ्याशी ती भांडायची, मुलीला रागवायची ती आणि समजूतही तीच काढायची. ती चार वर्षांपूर्वी गेली आणि भावजींचे ते तीन प्रश्नच तेवढे उरले.

दुसरी खोड पाण्याच्या पाइपची. दुकान आवरताना हा माणूस पाइप हातात घेतो आणि समोर दिसेल ते धुतो. ओटा, काटा, सुरे, फरशी. एकदा माझ्या नवऱ्याचं स्टूल धुतलं, नवरा त्यावर बसलेला असताना. वर मलाच म्हणाले, "उठायचं ना त्याने."

त्यांची एकुलती एक मुलगी वाय-चिंग. आई गेल्यावर वर्षभराने ती नोकरीसाठी मँचेस्टरला गेली आणि जाताना आपला फिशटँक बापाच्या गळ्यात घालून गेली. साधासुधा नाही, सहा फुटी. गावातल्या त्यांच्या घराच्या पहिल्या मजल्यावर बसायच्या खोलीची अर्धी भिंत त्यानेच खाल्लेली. आत नऊ सोनेरी एंजल मासे, बारक्या निळ्या-लाल निऑन माशांचा थवा, आणि खाली पाणवनस्पतींचं दाट रान. चिंगने ते रान सहा वर्षं जपून वाढवलं होतं.

भावजींना आधी ते काही पटेना. मला म्हणाले, "नऊ मासे, आणि एकाच्याही अंगावर घासभर मांस नाही. वाफवायचे म्हटले तर नुसते काटे."

पण दर रविवारी संध्याकाळी सहाला चिंगचा व्हिडिओ कॉल यायचा. भावजी टाकीशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि बाप-लेक माशांवर बोलायचे. मोठ्या एंजलने अंडी घातली का. निऑन किती. पाणी कधी बदललं. पंचवीस मिनिटं. ज्या माणसाच्या तोंडून सबंध आठवड्यात पंचवीस वाक्यं निघत नाहीत, तो पंचवीस मिनिटं बोलायचा. सोमवारी सकाळी मला रिपोर्ट मिळायचा, "चिंग म्हणाली, पाणी छान ठेवलंय." तेवढ्यावर गडी आठवडा काढायचा. आणि मासे सोडून दुसरं काही त्या दोघांना बोलताच यायचं नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

तर झालं काय, की गेल्या हिवाळ्यात भावजींनी टाकीवरचा दिवा काढला. जर्मन दिवा, चार हजार आठशे डॉलरचा, चिंगने पहिल्या पगारातून घेतलेला. त्यावर पाण्याचे डाग पडले होते, म्हणून यांनी तो गच्चीवर नेला आणि पाइपने धुतला. दोन्ही बाजूंनी. मंडईत कशी सवय, तसा. वाळवून परत लावला तर एकदा फट् झालं आणि कारभार आटोपला.

"दिव्यावर कुणी पाइप मारतं का?" मी विचारलं.

"मासे पाण्यात, दिवा माशांचा," ते म्हणाले. "मला वाटलं चालत असेल."

पोरीला सांगायची हिंमत नाही आणि तेवढाच महाग दिवा घ्यायची तयारी नाही. मग ते गेले मंडईच्या मागच्या बाजूला, लो नावाच्या म्हाताऱ्याच्या दिव्यांच्या दुकानात. आमच्या मंडईत दिवा घ्यायची एक पद्धत आहे. आकडे, वॅट असलं काही कुणी विचारत नाही. लो एवढंच विचारतो, "काय विकता?" डुकराचं मांस म्हटलं की एक दिवा, भाजी म्हटली की दुसरा, पाव म्हटला की पिवळा. म्हातारा चाळीस वर्षं हेच करतोय आणि आजवर चुकलेला नाही. त्याने विचारलं, "काय?" भावजी म्हणाले, "मासे." लोने लाल टोप्यांचे तीन दिवे काढून दिले, शंभर डॉलरला तीन. दोघांपैकी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी चिंग म्हणाली, "बाबा, सगळं लाल का दिसतंय?"

"नवीन दिवा आहे. रंग खुलवणारा."

फोनमध्ये तरी काय दिसतं? मासे झक्क दिसले, पोरगी खूश. भावजी सोमवारी मंडईत छाती काढून आले. "शंभर डॉलर," मला ऐकवलं. "आणि तिने चार हजार आठशे घातले होते. शिकलेली माणसं." दिवा ते पहाटे पाचला लावायचे आणि रात्री आठला मालवायचे, कारण दिवा बंद म्हणजे दुकान बंद, आणि उघड्या दिवशी दुकान बंद ठेवणं अशुभ. असे पाच महिने गेले.

मग एका मंगळवारी दुपारी, मंडई झोपलेली असताना, भावजी वाट ओलांडून माझ्या गाळ्यात आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या ट्यूबकडे मान वर करून बघत उभे राहिले.

"वहिनी, हा पांढरा दिवा कुठला?"

"का? तुमच्या माशांना आजारी पाडायचंय?"

ते हसले नाहीत. चिंगने सांगितलं होतं, येत्या रविवारी पाणवनस्पती जवळून दाखवा, छाटायला झाल्या असतील, कुठे कात्री मारायची ते मी सांगते. आणि यांना आता शंका येत होती की खाली काही हिरवं उरलंय की नाही. लाल उजेडात कळतच नव्हतं.

"भावजी," मी म्हटलं, "शिळा मासा ताजा दाखवायला तो दिवा असतो, हे मला तुम्ही सांगायचं का मी तुम्हाला?"

"तो गिऱ्हाइकासाठी," ते पुटपुटले. "घरात कोण फसवतंय?"

गुरुवारी दुपारी दोन्ही गाळे माझ्या नवऱ्यावर सोपवून आम्ही शहरातल्या मोंग कॉकच्या शोभेच्या माशांच्या गल्लीत गेलो. दुकानांबाहेर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मासे टांगलेले. भावजी प्रत्येक पिशवीपाशी थांबून वजनाचा अंदाज घेत होते, त्यांना ओढून आत न्यावं लागलं. दुकानातला विक्रेता कानात वाळी घातलेला, बोलायला गोड. "टाकी किती फुटांची?" "सहा," भावजी म्हणाले, आणि त्याचा चेहरा उजळला.

"मग हा घ्या. सहा हजार दोनशे. यात सकाळी सूर्योदय होतो, ढग येतात, वीज चमकते, रात्री चंद्र उगवतो. सगळं मोबाइलवरून."

"माझा सूर्योदय पहाटे मंडईत होतो," भावजी म्हणाले. "फुकट."

"मग हा तीन हजार नऊशेचा. यात वीज नाही."

"ढग?"

"ढग आहेत."

"ढग काढून किती?"

विक्रेत्याला कळेना की हा माणूस थट्टा करतोय की घासाघीस. थट्टा कसली, भावजी मनापासून विचारत होते. डोकं-शेपूट काढून भाव कमी होतो, हा त्यांच्या धंद्यातला नियम. त्यांनी तो दिवा उचलला, उलटा केला, खालून बघितलं, वासही घेतला. सगळ्यात स्वस्त निघाला चौदाशे पन्नासचा, पण तो दोन फुटी. सहा फुटांना तीन लागणार. भावजींनी बोटांवर हिशोब केला आणि बोटं मिटून घेतली.

मी तोवर खोका वाचत होते. वर लिहिलं होतं, सहा हजार पाचशे. किंमत नव्हे, उजेडाचा आकडा. हा आकडा माझ्या ओळखीचा. माझ्या ट्यूबवर हाच आहे. याहून कमी घेतला की टोफू पिवळट दिसतो आणि जास्त घेतला की निळसर.

"दादा, हा उजेड आणि माझ्या टोफूवरचा उजेड एकच आहे ना?"

"काकू, तो साधा. हा खास वनस्पतींसाठी."

"वनस्पतीला खोका वाचता येतो का?"

तो हसला. मग जरा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ताकद पुरेशी हवी, उंचीवर टांगा, आणि दिवसाला आठ तासांच्या वर लावू नका. मी काही बोललो नाही." भला होता बिचारा. मी त्याच्याकडून माशांच्या खाण्याचा एक डबा घेतला.

परत आलो ते थेट लोच्या दुकानात. लोने चष्मा वर केला. "काय विकता?"

"मासे," भावजी सवयीने म्हणाले आणि लोचा हात लाल टोप्यांकडे गेला.

"थांबा," मी म्हटलं. "यांना विकायचं नाहीये. यांना नुसतं बघायचंय."

लो बघतच राहिला. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बघायला दिवा?" त्याने विचारलं. "बघून काय करणार?" चाळीस वर्षांत असलं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलंच नव्हतं. शेवटी आतल्या खोलीतून त्याने दोन चपटे झोतदिवे आणले. दुकानांच्या पाट्यांवर लावतात ना, तसले. पन्नास वॅट, आकडा सहा हजार पाचशे, पंच्याण्णव डॉलरला एक. आपोआप बंद होणारं बटण वीस डॉलर. भावजींनी दोनशे दहाचे दोनशे केले तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी माझा नवरा आणि मी त्यांच्या घरी गेलो. मटणवाल्याकडून मांस टांगायचे दोन लोखंडी आकडे मागून आणले होते. त्यांवर दिवे टाकीच्या दोन फूट वर टांगले, पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून टाकीवर काच सरकवली, आणि घरातला पाइप मी स्वतः लपवून ठेवला. मग लाल दिवे बंद केले आणि पांढरे लावले.

खालचं रान संपलं होतं. तपकिरी चिखल आणि त्यावर हिरवी शेवाळ, काचेवर, दगडांवर, पाण्याच्या नळीवर, सगळीकडे. एका कोपऱ्यात चार-पाच हिरवी पानं कशीबशी तग धरून होती. निऑन मोजून अकरा. एका एंजलच्या पंखावर कापसासारखी बुरशी. आणि आठ सोनेरी एंजलांमध्ये एक चक्क काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा.

"हा कोण?" मी विचारलं.

भावजींनी मान खाली घातली. फेब्रुवारीत एक मेला होता. चिंगला कळू नये म्हणून त्यांनी गल्लीतून दुसरा आणून सोडला होता. "दुकानात सोनेरी होता," ते म्हणाले.

"दुकानात दिवा कुठला होता?"

ते खुर्चीत बसले. "लाल," म्हणाले.

माझा नवरा आधी हसला, मग मी हसले, मग काही वेळाने भावजीसुद्धा हसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना ज्या दिव्याखाली मासा विकला, त्याच दिव्याखाली स्वतः मासा घेऊन आले. मग हसू आवरून ते म्हणाले, "उद्याच्या दिवस लालच राहू दे."

"भावजी, तिला झाडं बघायचीत."

"सांगतो फोन बिघडलाय. पुढच्या रविवारी बघू."

"आणि त्याच्या पुढच्या?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून स्पष्ट ऐकू येतं. "वहिनी, हे बघितलं की ती म्हणेल, बाबा, तुम्हाला झेपत नाही, देऊन टाका कुणाला तरी. चूक नाही तिची. पण टाकी गेली तर ती मला फोन कशाला करेल? मला तर तिच्याशी बोलायला दुसरं काही येत नाही."

मी शेवाळ खरवडायला घेतली. नवऱ्याने चिखल उपसला. तिघांनी संध्याकाळपर्यंत काम केलं, तरी टाकी ओसाडच दिसत होती, फक्त स्वच्छ ओसाड.

रविवारी मी सहाच्या आधीच पोचले. बघते तर लाल दिवे परत टांगलेले, दोन्ही बटणं शेजारी शेजारी, आणि भावजी त्यांच्यासमोर उभे. मी ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. माझी पोर नाही, माझी टाकी नाही. फोन वाजायला लागला.

"गिऱ्हाइकाचं वेगळं असतं," भावजी म्हणाले, मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. "ते मासा घरी नेतं, स्वयंपाकघरात नीट बघतं. शिळा निघाला तर दुसऱ्या दिवशी येऊन शिव्या देतं. हिला कुठे घरी येऊन बघता येतंय?"

आणि त्यांनी पांढरं बटण दाबलं. मग खुर्चीत बसले, फोन उचलला आणि चिंग काही म्हणायच्या आतच सुरू झाले. इतकं भराभर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "चिंग, आधी ऐकून घे. तुझा दिवा मी बिघडवला, धुतला मी तो. लाल दिवा मंडईतला होता. झाडं गेली सगळी, चार-पाच पानं आहेत. निऑन अकराच आहेत. एक एंजल मेला फेब्रुवारीत, हा ठिपक्यांचा मी आणलेला आहे, तो आपला नाही. हे बघ, दाखवतो, फोन फिरवतो हं—"

"बाबा, फिरवू नका."

"शेवाळ काल काढली, सिट-वहिनींनी मदत केली—"

"बाबा. मासे नकोत. फोन तसाच धरा." मग चिंग म्हणाली, "तुम्ही एवढे कधी वाळलात?"

"मी?" भावजी म्हणाले. "छे. हा दिवाच तसा आहे, पांढरा."

मी दारापाशी उभी होते ती पुढे आले आणि त्यांच्याकडे बघितलं. रोज सकाळी सहापासून दुकान आवरेपर्यंत मी या माणसाच्या समोर उभी असते. पण बावीस वर्षं मी त्यांना बघत आले ते त्या सहा लाल दिव्यांखाली, आणि चिंगने बघितलं ते पाच महिने त्या तीन लाल दिव्यांखाली. गाल कधी आत गेले, गळ्यापाशी शर्ट एवढा सैल कधी झाला, डोळ्यांखालची कातडी अशी राखेच्या रंगाची कधी झाली, आम्हा दोघींपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. शनिवारी याच दिव्याखाली तीन तास होते मी. तेव्हाही मी मासेच बघत होते. मला माझीच लाज वाटली.

"काकू आहेत ना तिथे?" चिंग म्हणाली. "काकू, खरं सांगा. बाबा जेवतात का?"

भावजींनी माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली, नको म्हणून. मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर काल सकाळची पेज, तिच्यावर ताटली. फ्रीजमध्ये सोया सॉसची बाटली आणि अर्धा लिंबू. ज्या घरातून रोज दीडशे मासे कापणारा माणूस निघतो, त्या घरात वाफवायचं पातेलं धूळ खात पडलेलं. मी बाहेर आले आणि फोनसमोर उभी राहून जे होतं ते सांगितलं.

चिंग रडत होती की नाही ते कळलं नाही, कारण तिने फोन जरा बाजूला धरला होता. परत समोर आली तेव्हा तिचा आवाज अगदी युक-हिंगसारखा झाला होता, रागावलेला. "उद्यापासून मी रोज फोन करणार आहे. तुमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. याच दिव्याखाली बसायचं. मासे दाखवायचे नाहीत."

भावजी घाबरले. खरंच घाबरले, मी बघितलं. "रोज?" ते म्हणाले. "रोज काय बोलायचं?"

"काही बोलू नका," चिंग म्हणाली. "जेवा. मी बघते."